सीटखाली

आमच्या पिकअपचं इंजिन सीटखाली.
म्हणजे अकरा वर्षं मी त्याच्यावर बसूनच
म्हापशाच्या शुक्रवारी नारळ नेत होते,
आणि खाली काय चाललंय
ते फक्त मांड्यांना कळायचं, एप्रिल-मे महिन्यात.

गेल्या आठवड्यात थिवीच्या चढावर
दुसऱ्या गियरला उचकी. मग सलग उचक्या.
मागे बस, बसवाल्याचा हॉर्न,
आणि चारशे नारळ एकदम मागे सरकले
तो आवाज, झोपेत कुणी दात खावेत तसा.

रुझार मेस्तानं हे रस्त्यावरून जाताजाता ओळखलं असतं.
पण मेस्ताच्या गॅरेजात आता केक मिळतात
आणि मेस्त स्विंडनला,
एका गोदामात खोक्यांना चिकटपट्टी मारतो.
पोर्तुगालचा पासपोर्ट निघाला आणि गेला.
जाताना सोळाचा पाना मला देऊन गेला,
कशाला, ते बोलला नाही.

तर आज रविवार, अस्नोडा, अंगण.
सीट उचलली. खाली दोन चिंचोके,
पेट्रोलची पुसट पावती, आणि खाणीची लाल धूळ;
आमच्या रस्त्यावरून ट्रक जायचे बंद होऊन किती वर्षं झाली,
ही इथे भाडं न भरता राहिलीय.
सायकलच्या पंपानं फुंकून काढली.
भोकात धूळ पडली की इंजिन खातं, आणि मग ते आपल्याला खातं.
कॉइलवर नेलपॉलिशचे ठिपके दिले, एक ते चार,
नाहीतर कुठली कुठली होती यावर रात्र जायची.

बहिणीचा तन्वेश टॉर्च धरून.
धरून म्हणजे, दुसऱ्या हातात त्याचा मोबाइल,
त्यामुळे उजेड कधी इंजिनावर, कधी माझ्या कानावर,
एकदा बराच वेळ फणसाच्या झाडावर.

पहिले दोन सहज आले,
चहात बुडवलेल्या बिस्किटाच्या रंगाचे.
तिसरा हलेना.
जोर लावणार होते. तेवढ्यात मेस्ताचा मेसेज वाजला:
"ओडूं नाका. मातशें तेल घाल आनी वच, च्या पी."
चहा प्याले. भांडी घासली. परत आले. नाही.
पुन्हा तेल. उगाच कोंबड्या हाकल्या.
पाऊण तासानं कर्रकन आवाज आला
आणि मला वाटलं, गेले आटे.
गेले नव्हते. सुटला होता.
काळाकुट्ट, ओला, टोक झिजून बोथट.
एवढंसं. तळहातावर घेतला तर वजनही नीट लागेना.

चौथ्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही.

नवे बसवताना पाना लांब ठेवला.
गॅसच्या जुन्या नळीचा वीतभर तुकडा प्लगला लावला
आणि नुसत्या बोटांनी फिरवला,
आटा चुकला तर नळीच घसरते, लोखंड वाचतं.
हेही त्याचंच. त्याच्या नळ्या हिरव्या असायच्या.

सव्वासातला किल्ली फिरवली.
मी फोन इंजिनाजवळ धरला.
तिकडे त्याची जेवणाची सुट्टी,
मागे ट्रॉल्यांची खडखड, कुणीतरी इंग्रजीत हसत होतं.
मग तो दार उघडून बाहेर गेला असावा,
कारण एकदम वारा ऐकू आला.

"बरें?" मी विचारलं.
काही नाही.
"मेस्ता, चारही लागतायत ना?"
"लागतात."
मी किल्लीला हात घातला.
"बंद करूं नाका. मातशें आसूं दी."

पेट्रोल जळत होतं. तन्वेश जेवायला गेला होता.
मी फोन धरून उभी, हात भरून आला
तशी दुसऱ्या हातात घेतला.
खूप वेळानं तो म्हणाला,
"तो सुणो कोणाचो भोंकता?"

मी म्हटलं, शेजारच्यांचा. नवीन आणलाय.
तू गेल्यावर.